कॅमेऱ्याच्या मानाची टोपी

वाटूर फाट्यावर आमच्या पतसंस्थेची शाखा आहे आणि तिच्या भिंतीला लागूनच रामकिसनचा फोटो स्टुडिओ आहे. शाखेचं शटर ओढलं की घरी जाण्याआधी थोडा वेळ मी त्याच्याकडे बसतो. सवय फार जुनी. आम्ही दोघं एका वयाचे. दोघांचेही गुडघे दुखतात आणि दोघांनाही आता नवीन काही शिकायचा कंटाळा आला आहे. फरक एवढाच की मला निवृत्तीची तारीख संस्थेने ठरवून दिली आहे. रामकिसनला ती स्वतःच ठरवावी लागणार आहे आणि ते त्याच्याच्याने होत नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा तो काउंटरवर वाकून कॅमेऱ्याला दुधाची रिकामी पिशवी बांधत होता. पिशवी धुऊन, उलटी करून, वर रबर लावलेलं.

"काय करून राह्यला रे?" मी विचारलं.

"लाइट मऊ करून राह्यलो. बसा. तुमचं कामच व्हतं."

"माझं काय काम?"

"तुमच्या टकलाचं काम हाय, मॅनेजर सायब. त्याच्यावर लाइट कसा पडतो ते बघायचंय. एवढी चांगली जागा मला फाट्यावर दुसरी कुठं भेटणार?"

मी खुर्चीत बसलो. त्याने बटण दाबलं. माझ्या डोळ्यांपुढे थोडा वेळ हिरवे ठिपके नाचले. मग त्याने कॅमेऱ्याची मागची काच माझ्यापुढे धरली. फोटोत माझ्या डोक्यावर पांढरा गोळा होता, तो डोक्याचाच भाग वाटत नव्हता. पिशवीवर छापलेलं निळं अक्षर फ्लॅशच्या तोंडाशी आल्याने एक गाल जरा निळसर दिसत होता.

"मार बसल्यावाणी दिसून राह्यले तुम्ही," रामकिसन म्हणाला आणि पिशवी सोडायला लागला.

हे सगळं तो कशासाठी करत होता हे सांगायचं तर आधी त्याच्याबद्दल सांगावं लागेल.

रामकिसनने फोटो काढायला सुरुवात केली ती मेहुण्याच्या रिळाच्या कॅमेऱ्यावर. त्या काळात लग्नात फोटोवाला आला की पोरं त्याच्या मागे फिरायची आणि जेवणाच्या पंगतीत त्याला पाहुण्यांच्या बरोबरीने बसवायचे. मंठा, परतूर, आष्टी, इकडे पार जाफराबादपर्यंत तो एसटीने जायचा. पिशवीत कॅमेरा आणि अंगावरच्या शर्टाशिवाय आणखी एक शर्ट असायचा. पुढे रिळं गेली आणि डिजिटल कॅमेरा आला. त्याने तोही घेतला, शिकला. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला, आणि जालन्याहून ड्रोन घेऊन येणाऱ्या पोरांच्या पार्ट्या आल्या. रामकिसनकडे उरले ते पासपोर्ट फोटो, बारशाचे फोटो, आणि कुणी वारलं की आधार कार्डावरून मोठा करून द्यायचा फोटो. या शेवटच्या कामाचा त्याला सगळ्यात जास्त थकवा यायचा. "आधारवरचा माणूस आधीच अर्धा गेलेला दिसतो," असं तो म्हणायचा.

त्याच्याकडे कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा मोठा फ्लॅश होता. त्याची मान वळवता यायची. उजेड छताकडे फेकला की तो वरून पसरून खाली यायचा आणि माणसाचं तोंड बरं दिसायचं. एका वरातीत तो फ्लॅश खाली पडला. जालन्यातून दुरुस्त करून आणला, पुन्हा बंद पडला. नवा घ्यायचा विषय मी एकदा काढला तर तो म्हणाला, "आता किती दिवस करायचंय मला?" तेव्हापासून त्याचं काम कॅमेऱ्यातच असलेल्या बारक्या फ्लॅशवर चाललं होतं. बटण दाबलं की तो टुणकन वर येतो. त्याचा उजेड सरळ तोंडावर बसतो. कपाळ चमकतं, नाकाखाली काळं पडतं आणि मागच्या भिंतीवर माणसापेक्षा त्याची सावली ठळक दिसते. पासपोर्ट फोटोसाठी स्टुडिओत उजेड पसरवणारा छत्रीचा दिवा होता, त्यामुळे निभत होतं.

अशात आष्टीचे काकासाहेब आपल्या मुलीला घेऊन आले. काकासाहेब आमच्या संस्थेचे जुने सभासद, घरची शेती, स्वभावाने सरळ माणूस. मुलगी शीतल, तिचं लग्न ठरलं होतं. तिच्या हातात मोठ्या भावाच्या लग्नाचा अल्बम होता. त्या वेळी मीही तिथेच होतो.

"काका, हे बघा," असं म्हणून शीतलने काउंटरवर अल्बम उघडला. "इथं आजीचे डोळे मिटलेले. इथं मिटलेले. इथं तं आजी बिलकुल झोपलीच हाय."

"हे फोटो मीच काढलेत, पोरी," रामकिसन म्हणाला.

"म्हणून तं तुमच्याकडं आलो."

काकासाहेबांची आई गोजरबाई. तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, पण तेव्हापासून उजेड तिच्या डोळ्यांत खुपायचा. उन्हात काळा चष्मा लावायची. फ्लॅश पडला की तिचे डोळे आधीच मिटलेले असायचे. मोबाइलवर पोरांनी बाहेर काढलेल्या फोटोंत सगळीकडे काळा चष्मा. डोळे उघडे असलेला, ओळखू येईल असा तिचा एकही फोटो घरात नव्हता. आणि आता ती स्वतः मागे लागली होती.

"म्हणते काय," काकासाहेब म्हणाले, "मेल्यावर डोळे मिटायचेच हायेत, निदान फोटोत तरी उघडे ऱ्हाऊ द्या. हे मिटलेले भितीवर लावू नका म्हणते."

"आन् तो फोटो माझ्यासंगं पाहिजे," शीतल म्हणाली. "मी मुंडावळ्या बांधल्यावरचा. मी मंग सुरतेला चालले. परत आले तेव्हा आजी असंल, न्हाई असंल."

जालन्याची पार्टी ठरलेली होतीच. ते काकासाहेबांनी जरा अवघडत सांगितलं. "आमच्या पोरानं, कल्याणनं परस्पर ठरवली, रामकिसनभाऊ. ड्रोन बिन सगळं. पण त्यांचे ते मोठाले लाइट बघून मायचं डोकं धरतं. ती त्यांच्यापुढं बसतच न्हाई. तुम्ही घरच्या माणसांचे काढा, आहेराचे काढा, आन् तेवढा एक मायचा."

रामकिसन हो म्हणाला. ते गेल्यावर अल्बम बराच वेळ काउंटरवर उघडा होता, शीतल तो मुद्दाम ठेवून गेली होती. रामकिसन त्यातला एकेक फोटो बघत राहिला. त्याला वाईट वाटलं होतं. ड्रोनवाल्यांचं नाही, ते त्याने कधीच मान्य केलं होतं. एका म्हातारीचे इतके फोटो काढले आणि प्रत्येक वेळी तिला मारल्यासारखा उजेड तिच्या तोंडावर टाकला, हे त्याला अल्बम मागे-पुढे चाळताना कळलं.

मी म्हटलं, "दारात बसव तिला. उजेड आहे तेवढ्यात काढ."

"दारात चष्मा काढत न्हाई ती. आन् आतल्या खोलीत अंधार हाय. फ्लॅश न्हाई लावला तं फोटो हलतो." त्याने आपला उजवा हात पुढे करून दाखवला. बोटं बारीक थरथरत होती. "पूर्वी हलत नव्हता."

म्हणून ते प्रयोग. लग्नापर्यंतच्या कित्येक संध्याकाळी मी त्याच्यापुढे टक्कल घेऊन बसलो. दुधाच्या पिशवीनंतर कापूस झाला. घरचा सरकी काढलेला कापूस त्याने पातळ करून फ्लॅशवर लावला. कुठे पातळ, कुठे गोळा, त्यामुळे माझ्या कपाळावर ढग आल्यासारखे दिसले. मग मिठाईच्या दुकानातला बटर पेपर आणला. तो बरा होता, पण जरा पिवळट होता. तो लावून रामकिसन जाफराबादकडे एका नातेवाइकाच्या हळदीला गेला आणि सगळे वऱ्हाडी कावीळ झाल्यासारखे घेऊन आला. हळदीचा कार्यक्रम असल्याने ते कुणाच्या लक्षात आलं नाही, उलट नवरदेवाच्या वहिनीने रंग छान आल्याचं सांगितलं. रामकिसन मात्र तीन दिवस स्वतःवर चिडून होता.

शेवटी त्याने माळ्यावरून जुन्या रिळांच्या डब्या काढल्या. पूर्वी रीळ ज्या धुरकट पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत यायचं, तीच. एका बाजूने चीर पाडली की ती त्या बारक्या फ्लॅशवर बरोबर बसायची. उजेड डबीत शिरून चारी बाजूंनी फुटायचा. माझ्या डोक्यावरचा गोळा पसरट झाला, नाकाखालचं काळं गेलं. फोटो थोडा अंधारा यायचा, तेव्हा त्याने कॅमेऱ्याची सेटिंग वाढवली. त्यामुळे फोटोवर रव्यासारखे बारीक ठिपके दिसायला लागले.

"रवा चालंल," रामकिसन म्हणाला. "आजीला कुठं रवा दिसतो?"

त्या माळ्यावरच्या डब्यांपैकी बहुतेक वाळून तडकलेल्या होत्या. एकच धड निघाली. ती त्याने रुमालात गुंडाळून ठेवली.

लग्नाच्या दिवशी आम्ही दोघं परतूरवरून आष्टीला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. काकासाहेबांच्या घरासमोर मांडव होता. जालन्याची पार्टी स्टेजभोवती दिवे लावत होती. त्यातल्या एकाने रामकिसनच्या कॅमेऱ्यावरची डबी पाहिली आणि दुसऱ्याला कोपराने खुणावलं. रामकिसनने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. आम्ही आधी आत जाऊन गोजरबाईंना भेटलो. आतल्या खोलीत पलंगावर त्या बसल्या होत्या, काळा चष्मा, हिरवं लुगडं.

"आलास का रं रामकिसना," त्या म्हणाल्या. "या बारीनं नीट काढ. माझं न्हाई ऐकत हे डोळे."

"आजी, तुम्ही नुस्तं बसायचं. बाकीचं माझ्यावर."

"तवा बी असंच म्हणला व्हता."

रामकिसन हसला नाही. मान हलवून तो बाहेर आला.

लग्न लागलं. अक्षता टाकायला गर्दी उसळली, आणि त्या गर्दीत कुणाचा तरी हात कॅमेऱ्याला लागला. डबी उडून खाली पडली. आम्ही दोघं वाकून शोधेपर्यंत तिच्यावरून किती चपला गेल्या कोण जाणे. सापडली ती चपटी होऊन, दोन तुकड्यांत. रामकिसनने तुकडे खिशात टाकले. चेहऱ्यावरून घाम पुसला आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला.

त्यानंतर आहेर सुरू झाला. आमच्याकडे लग्नात मानाच्या माणसांना कुंकू लावून टॉवेल-टोपी देतात. कुणाला आधी, कुणाला नंतर, याच्यावरून लोकांचे वर्षानुवर्षांचे रुसवे असतात. मुलाकडच्यांतर्फे नवरदेवाचे मामा बद्रीनाथ आहेर करत होते. जाड, घामेजलेले, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. मुलीकडच्या सगळ्यांना करून झाल्यावर त्यांनी वाजंत्री, आचारी, आणि शेवटी फोटोवाल्यालाही बोलावलं. जालन्याच्या पोरांनी टोप्या खिशात कोंबल्या. रामकिसनला मामांनी कुंकू लावलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि स्वतःच्या हाताने टोपी घातली. रामकिसनने वाकून नमस्कार केला.

आहेराच्या टोप्या कशा असतात हे सगळ्यांना माहीत आहे. खळ देऊन ताठ केलेल्या, पण कापड इतकं विरळ की आरपार दिसावं. रामकिसन थोडा वेळ ती डोक्यावर ठेवून उभा राहिला. मग त्याने ती काढली, उजेडाकडे धरून पाहिली, तिची घडी उकलली आणि फ्लॅशवर चढवली. कडा भिंगापुढे येऊ नये म्हणून शेजारच्या एका पोरीकडून केसांचं रबर मागून घेतलं. एक फोटो काढून पाहिला. मला बोलावून दाखवला. डबीपेक्षाही चांगला उजेड पडला होता, आणि रंगही पांढराशुभ्र.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ फोटोवाले. टोपी कुठं हाय तुमची?"

बद्रीनाथ मामा होते. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग रामकिसनच्या उघड्या डोक्याकडे.

"मामा, लाइट जरा मऊ व्हावा म्हणून..."

"आम्ही मान दिला तुम्हाला. तुम्ही तो यंत्राला बांधला. पाव्हण्यांनी दिलेली टोपी पाव्हण्यांसमोर अशी वापरतेत का?"

"दसऱ्याला मी याला कुंकू लावतो, मामा. हे माझं हत्यार हाय. याच्या डोक्यावर गेली तं अपमान कसा व्हईल?"

"पण दिली तुम्हाला. त्याला न्हाई दिली."

दोन-चार माणसं जमली. कुणी तरी म्हणालं की सोडा हो मामा, तर मामा आणखी चढले. त्यांच्यामागे उभी असलेली मुलाकडची माणसंही गप्प झाली आणि अशा गप्प होण्याचा अर्थ लग्नघरात सगळ्यांना कळतो. काकासाहेब धावत आले. पंगती बसायच्या होत्या, आणि मामा रुसले तर मुलाकडचं कुणीही पानावर बसलं नसतं.

"रामकिसनभाऊ, काढा ती टोपी," काकासाहेब हात जोडून म्हणाले. "माझ्यासाठी काढा."

रामकिसनने रबर सोडलं, टोपीला पडलेल्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या आणि ती डोक्यावर घातली. "चुकलं, मामा," तो म्हणाला. मामा जेवायला गेले.

पंगती उठल्या तेव्हा जालन्याची पार्टी नवरा-नवरीला घेऊन शेतात ड्रोनवर शूटिंग करायला गेली होती. मांडवात त्यांच्यापैकी कुणीच उरलं नव्हतं. बद्रीनाथ मामांना आपल्या माणसांचा एक फोटो पाहिजे होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खुर्चीत बसून पाणी पीत असलेला रामकिसनच तेवढा दिसला.

"काढा आमचा एक," मामा जरा घुश्शातच म्हणाले.

रामकिसन उठला. मामांनी भाऊ, भाचे, जावई रांगेत उभे केले, स्वतः मध्ये उभे राहिले, पोट आत घेतलं. फ्लॅश पडला.

"दाखवा बरं."

रामकिसनने काच पुढे केली. घामाने मामांचं कपाळ ताटासारखं चमकत होतं आणि डोळे गच्च मिटलेले होते.

"दुसरा काढा."

दुसऱ्यातही मिटलेले. तिसऱ्यात एक उघडा होता. मागे उभा असलेला त्यांचा जावई म्हणाला, "मामा, तुम्ही नवरीकडं बघून डोळा मारल्यावाणी दिसून राह्यले." सगळे हसले. मामा हसले नाहीत.

"हे असं का यायलंय?" त्यांनी विचारलं.

"लाइट कडक हाय, मामा. तोंडावरच बसतो. त्यासाठीच ते..." रामकिसनने वाक्य सोडून दिलं. भांडायचं त्याच्या अंगात बळ नव्हतं. "घरात एक म्हातारी हाय. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. नवरीला तिच्यासंगं एक फोटो पाहिजे, डोळे उघडे असलेला. ती नवरी आता परत आली की निघाली तुमच्यासंगं. त्याच्यासाठी मी आलेलो. बाकी मला तुमच्या टोपीचं काय करायचंय?"

मामा एका भाच्याला म्हणाले, "आहेराची पेटी आण. कुंकवाचा करंडा बी."

भाच्याने पेटी आणली. मामांनी रामकिसनला कॅमेरा खुर्चीवर ठेवायला लावला. बोटाने कुंकू घेऊन कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला, फ्लॅशच्या खाली, बरोबर कपाळ असावं तिथे लावलं. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल टाकला. नवी कोरी टोपी घेतली, झटकली आणि फ्लॅशवर घातली.

"हा याचा मान," ते म्हणाले. "तुमची तुमच्या डोक्यावर ऱ्हाऊ द्या. आता बराबर झालं. कुणी बोलायचं काम न्हाई."

आणि त्यांनी हात जोडून कॅमेऱ्याला नमस्कार केला. कुणी हसलं नाही. कुंकू लावून टोपी घातल्यावर तो मान झाला होता, आणि मानाला आमच्याकडे हसत नाहीत. जावई तेवढा तोंड फिरवून उभा होता. मग रामकिसनने त्यांचा फोटो पुन्हा काढला. मामांचे डोळे उघडे आले. त्यांनी तो फोटो सगळ्यांना फिरून दाखवला.

शीतल शेतातून आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पाठवणीची घाई सुरू झाली होती. गाड्या तोंड फिरवून उभ्या होत्या. ती मुंडावळ्या सावरत तशीच आत गेली आणि आजीच्या शेजारी पलंगावर बसली. काकासाहेबांनी आईचा चष्मा काढला. दाराशी बायकांनी गर्दी केली आणि एकदम ओरडायला सुरुवात केली, "आजी, डोळे उघड. आजी, इकडं बघ."

पहिला फोटो. उजेड अगदी सौम्य होता, मीही पाहिला. गोजरबाईंच्या तोंडावरची एकेक सुरकुती नीट दिसत होती, कुठे चमक नाही, कुठे काळं नाही. डोळे मिटलेले. दुसऱ्यातही मिटलेले. रामकिसनने सगळ्यांना बाहेर काढलं. खोलीत काकासाहेब, शीतल, आजी आणि आम्ही दोघं राहिलो. पुन्हा काढला. पुन्हा तेच. उजेड आता लागत नव्हता, पण लागणार म्हणून त्या आधीच डोळे आवळून बसत होत्या. इतक्या वर्षांची सवय एका टोपीने कशी जाणार?

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"झालं का रं?" गोजरबाईंनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"न्हाई झालं, आजी," रामकिसन म्हणाला आणि भिंतीला धरून हळूच खाली बसला. सकाळपासून तो उभा होता. पाय पुढे पसरले, कॅमेरा मांडीवर ठेवला. "शीतल, पोरी, न्हाई होत माझ्यानं. चाळीस वर्षं हेच करून राह्यलो आन् एवढं एक जमत न्हाई."

शीतलने आजीचा हात हातात घेतला. कुणीच फोटो काढत नाही असं वाटून गोजरबाईंनी पदराने डोळे पुसले आणि डोळे उघडले. खोलीत अंधुक होतं. त्यांनी समोर पाहिलं. जमिनीवर बसलेला रामकिसन त्यांना दिसला असेल-नसेल, पण त्याच्या मांडीवर पांढरी टोपी घातलेलं, कपाळाला कुंकू लावलेलं काही तरी काळं, लहानसं बसलेलं दिसलं. त्या पुढे वाकल्या. डोळे मोठे केले.

"आगं शीतल," त्या म्हणाल्या, "हा कोण पाव्हणा बसलाय? याला पाणी दिलं का?"

शीतलला हसू आवरेना. रामकिसनचा हात मांडीवर कॅमेऱ्याजवळच होता. न हलता, मान वर न करता, त्याने बटण दाबलं.

फोटो जरा वाकडा आला. पलंगाची एक बाजू कापली गेली आणि वर कडीपाटाचा कोपरा उगीचच आला. शीतल हसते आहे, तिच्या मुंडावळ्या तिरप्या झाल्या आहेत. गोजरबाई सरळ आपल्याकडे पाहत आहेत, दोन्ही डोळे उघडे, ओठ बोलण्यासाठी विलगलेले. रवा भरपूर आहे.

शीतलने काच डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, कॅमेरा रामकिसनच्या मांडीवर परत ठेवला आणि आजीच्या पाया पडून निघाली. काकासाहेब तिच्यामागे गेले. बाहेर रडण्याचे आवाज सुरू झाले. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो, कारण रामकिसनला लगेच उठता येत नव्हतं.

फोटो मोठा करून, काच लावून आम्ही आष्टीला द्यायला गेलो ते पाऊसकाळ संपता संपता. गोजरबाई ओसरीवर होत्या. त्यांनी चष्मा काढून फोटो अगदी नाकाजवळ नेला. बराच वेळ पाहिला.

"ही तं माझी माय हाय," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच हायेत, आजी," रामकिसन म्हणाला.

"मीच का? मंग मायवाणी कवा दिसाया लागले मी?" त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं. "आन् हे तोंड कशाला उघडलंय? काय म्हणून राह्यले मी?"

"पाव्हण्याला पाणी दिलं का, म्हणून इचारून राह्यले तुम्ही."

गोजरबाईंनी फोटो काकासाहेबांच्या हातात दिला.

"ऱ्हाऊ दे मंग असाच. मी गेल्यावर भितीवरून बी तेच इचारीन. तुम्ही सगळे इसरतेत पाणी द्यायला." आणि खरोखरच आम्हाला कुणी पाणी दिलेलं नव्हतं. काकासाहेबांची बायको लगबगीने आत गेली.

परतताना परतूरपासून आम्हाला जीप मिळाली. मागच्या बाकावर आम्ही दोघं, मध्ये एक बाई आणि तिच्या मांडीवर झोपलेलं पोर. रामकिसनच्या पायाशी बॅग होती. चेन अर्धवट उघडी होती आणि आतून टोपीची कड दिसत होती. मामांच्या बोटाचा कुंकवाचा डाग तिच्यावर तसाच होता.

"एक सांगू का, मॅनेजर सायब," तो म्हणाला. "आता बंद करतो. तुम्ही रिटायर व्हता त्याच महिन्यात बंद करतो. दोघं संगंच बसू."

"कुठे बसू?"

"ते बघू मंग," असं म्हणून त्याने डोळे मिटले. जीप वाटूरच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याला झोप लागली होती. मान माझ्या खांद्यावर आली. त्याच्या खिशात मोबाइल वाजायला लागला. लग्नसराई पुन्हा जवळ येत होती, फोटोसाठी कुणाचा तरी फोन असेल. बाईने माझ्याकडे पाहिलं, उठवा त्यांना, अशा नजरेने. मी नको म्हणून मान हलवली. मोबाइल वाजून वाजून बंद झाला आणि थोड्या वेळाने पुन्हा वाजायला लागला.